टीमवाला एजंट घ्यावा की एकटा? आधी विचारा, ऑफर लिहिणार कोण

प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. न्यू जर्सीतलं जोडपं, टाउनहाऊस विकून सिंगल फॅमिली म्हणजे स्वतंत्र घर घ्यायचंय, मित्राने एका मोठ्या टीमचं नाव दिलं. फोन केला तर उचलला एकाने, घर दाखवायला आली दुसरीच, सहीसाठी कागद ईमेलवर पाठवला तिसऱ्याने, आणि ज्याचा फोटो बघून फोन केला तो गृहस्थ अजून दिसलेलाच नाही. तर अशा टीमकडे जावं का ओळखीतला एकटा रिअल्टर बरा, असं विचारलंय.

मी इथे बरीच वर्षं लायसन्सवर काम करतेय, सुरुवात मोठ्या टीममध्ये केली, मधे एकटी होते, आता आमची छोटी टीम आहे, त्यामुळे मी अगदीच तटस्थ आहे असं समजू नका. पण दोन्हीकडून बघितलंय म्हणून सांगते, टीम की एकटा या वादात फार वेळ घालवू नका. तुमच्या वतीने भावाचं बोलणार कोण, ऑफर लिहिणार कोण, त्या माणसाचं नाव काय आणि ते नाव करारात आहे का, एवढं विचारा. याचं सरळ उत्तर देणारी वीस जणांची टीमसुद्धा चांगली, आणि उत्तर द्यायला टाळाटाळ करत असतील तर दोघांचीही नको.

आता टीम म्हणजे नेमकं काय ते बघा, कारण बऱ्याच लोकांना वाटतं ती एक कंपनी असते. तसं नसतं. अमेरिकेत एजंटचं लायसन्स कुठल्यातरी ब्रोकरखाली असतं, तुमचा करार कायद्याने त्या ब्रोकरेजशी, म्हणजे ब्रोकरच्या कंपनीशी होतो, आणि टीम हा त्या ब्रोकरेजच्या आत काही एजंटांनी मिळून चालवलेला धंदा असतो. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, टेक्ससमध्ये तर टीमच्या नावाच्या शेवटी 'टीम' किंवा 'ग्रुप' हा शब्द लावावाच लागतो, लोकांना ती स्वतंत्र ब्रोकरेज वाटू नये म्हणून. आतली रचना बहुतेक ठिकाणी सारखीच. वरती टीम लीड, ज्याचा फोटो. मग लिस्टिंग म्हणजे विकायला काढलेली घरं बघणारे एजंट, घेणाऱ्याच्या बाजूचे बायर एजंट, दार उघडून घर दाखवणारा शोइंग असिस्टंट, कागदपत्रं आणि तारखा सांभाळणारी ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटर, आणि फोनवर बसून चौकशा पकडणारे लोक, त्यांना आमच्यात इनसाइड सेल्स म्हणतात. तुमचा पहिला फोन उचलला तो बहुतेक यांच्यापैकीच. त्याचं काम अपॉइंटमेंट ठरवणं, तुमच्या घराचा भाव त्याला विचारू नका. आणि लायसन्स नसलेला असिस्टंट असेल तर त्याने भावावर किंवा कराराच्या अटींवर बोलायचंच नसतं.

पैसे कसे वाटले जातात हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. समजा कमिशनचे शंभर डॉलर आले. तुम्ही घरं शोधायच्या एखाद्या मोठ्या पोर्टलवरचं बटण दाबून आला असाल तर त्यातले तीस-पस्तीस, कधी चाळीससुद्धा रेफरल फी म्हणून पोर्टलला जातात. दुसऱ्या एजंटने पाठवलं असेल तर साधारण पंचवीस. उरलेल्यातून ब्रोकरेजचा वाटा, मग टीम लीडचा, तो बऱ्याच टीममध्ये निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे तुमच्याबरोबर शनिवार-रविवार घरं फिरणाऱ्या मुलीच्या हातात शंभरातले वीस-पंचवीस पडतात. ती प्रामाणिक असेल, हुशार असेल, पण तिचं गणित घरांच्या संख्येवर चालतं, त्यामुळे तुम्ही आठव्या घरावर पण नाही म्हणालात की तिच्यावर दबाव येतो आणि मग तो हळूच तुमच्याकडे सरकतो, "मार्केट असंच आहे", "हे पण गेलं तर पुढे मिळणार नाही" वगैरे. हे सगळीकडे होतं असं नाही, पण टीममध्ये नवीन माणूस असेल तर जास्त होतं.

आता आकड्यांचं. जाहिरातीत लिहितात वर्षाला अमुक इतकी घरं विकली. एमएलएसमध्ये, म्हणजे एजंटांच्या सामायिक लिस्टिंग यादीत, टीमचे बरेचसे व्यवहार लीडच्या नावावर चढवलेले असतात, रिव्ह्यूही सगळे टीमच्या एकाच प्रोफाइलवर गोळा होतात. आकडा खोटा नसतो, पण तो दहा-पंधरा जणांचा मिळून असतो. म्हणून तुमच्यावर जो एजंट नेमला जाणार आहे त्याला सरळ विचारा, गेल्या बारा महिन्यांत तू स्वतः किती केलीस, कुठल्या टाउनमध्ये, बायरच्या बाजूने का सेलरच्या, आणि पत्ते पाठव. विकली गेलेली घरं सार्वजनिक रेकॉर्डवर असतात, यात गुप्त काही नाही. रिव्ह्यू वाचताना त्या एजंटचं नाव शोधा, लीडचं नाही. आणि राज्याच्या रिअल इस्टेट कमिशनच्या साइटवर लायसन्स तपासा, दोन मिनिटांचं काम आहे, लायसन्स चालू आहे ना आणि कुठल्या ब्रोकरखाली आहे ते दिसतं.

तुमचं विकायचं आणि घ्यायचं दोन्ही आहे, आणि माझं उत्तर दोन्हीसाठी सारखं नाही.

विकायला टीम खरंच कामाची. फोटोवाला, स्टेजिंग म्हणजे घर सजवून मांडणं, साफसफाई, टाउनशिपची सर्टिफिकेटं, टाउनहाऊसच्या असोसिएशनची कागदपत्रं, ओपन हाऊस, त्यानंतर आलेल्या प्रत्येक एजंटला फोन करून "तुमचे लोक काय म्हणाले" विचारणं, हे एकट्या माणसाला एका वेळी तीन-चार लिस्टिंगवर जमत नाही, काहीतरी सुटतंच. न्यू जर्सीत तर २०२४ पासून सेलरने प्रॉपर्टी कंडिशनचा डिस्क्लोजर फॉर्म भरून देणं आलं, पुराच्या धोक्याचे प्रश्न त्यात आले, म्हणजे कागद वाढलेत. चांगली कोऑर्डिनेटर असेल तर ती सोन्याची, खरंच सांगते, क्लोजिंग, म्हणजे व्यवहाराची शेवटची पूर्तता, वेळेवर होण्याचं निम्मं श्रेय तिचं असतं आणि तिचा फोटो कुठेच नसतो.

पण दोन प्रसंग असे आहेत जिथे लीडनेच हजर असलं पाहिजे. एक, भाव ठरवताना. दुसरा, ओपन हाऊसनंतर रविवारी रात्री पाच-सहा ऑफर येऊन पडतात तेव्हा. तेव्हा नुसता मोठा आकडा बघायचा नसतो, कोणाचं लोन कसलं आहे, डाउन पेमेंट किती, अप्रेझल म्हणजे लोनसाठी केलेलं घराचं मूल्यांकन कमी आलं तर फरक भरायची तयारी आहे का, इन्स्पेक्शनमध्ये किती ताणणार, कोणाला स्वतःचं घर आधी विकायचंय, हे सगळं समोरच्या एजंटशी बोलून काढावं लागतं. हे काम अनुभवाचंच आहे. लिस्टिंगच्या मीटिंगला लीड येतो, छान बोलतो, सही झाली की गायब होतो, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. म्हणून सहीआधी एक ईमेल मागा की भाव ठरवणं आणि ऑफरवर बोलणं हे दोन्ही अमुक व्यक्तीच करेल.

आणखी एक गोष्ट, जी टीमकडे एकट्यापेक्षा जास्त होते. टीमकडे स्वतःचे बायर खूप असतात. मग सुचवलं जातं की घर एमएलएसवर टाकायच्या आधीच आमच्याच एका बायरला दाखवू, झंझट नको. कधीकधी ते सेलरला सोयीचंही असतं, घरात म्हातारी माणसं आहेत, रोज लोक यायला नको, समजू शकते. पण जितक्या कमी लोकांनी घर बघितलं तितकी स्पर्धा कमी, आणि दोन्ही बाजू टीममध्येच राहिल्या की कमिशनही दोन्हीकडचं टीमलाच. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सचा नियम आहे की लिस्टिंगची जाहीर जाहिरात केली की एका कामकाजाच्या दिवसात ते एमएलएसवर टाकायचं, २०२५ मध्ये त्यात सेलरने लेखी मान्य केलं तर एमएलएसवर टाकलेलं घर बाहेरच्या साइटवर थोडं उशिरा दाखवायची सोय झाली. म्हणजे निर्णय तुमचा असतो. 'कमिंग सून' किंवा ऑफिसपुरतं लिस्टिंग असं काही पुढे केलं तर विचारा, यात माझा फायदा काय, आकड्यात सांगा.

याच धाग्यात ड्युअल एजन्सी येते. एकाच ब्रोकरेजचे लोक दोन्ही बाजूंना असले तर काय, यावर राज्याराज्यात फरक आहे. फ्लोरिडात घरांच्या व्यवहारात ड्युअल एजन्सी चालतच नाही, टेक्ससमध्ये इंटरमीडियरी म्हणून वेगळा प्रकार आहे, न्यू जर्सीत तुमच्या लेखी संमतीने चालते आणि २०२४ च्या कायद्याने दोन बाजूंना दोन वेगळे डेझिग्नेटेड एजंट नेमायची सोय झाली. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टात २०१६ साली एक केस गाजली होती, मालिबूमधलं घर, जाहिरातीत सुमारे १५,००० स्क्वेअर फूट लिहिलेलं आणि सरकारी कागदांवर त्याहून बरंच कमी, दोन्ही बाजूचे एजंट एकाच ब्रोकरेजचे. कोर्टाने सांगितलं की लिस्टिंग एजंटवर बायरबद्दलची पण तीच जबाबदारी येते जी ब्रोकरवर येते. आता ही गोष्ट टीमला लावून बघा. डेझिग्नेटेड एजंट कागदावर दोन वेगळे असतात, पण दोघांचा लीड एक, कॅलेंडर एक, सोमवारची मीटिंग एक, पैशाची पेटी पण एकच. तुमचा शेवटचा आकडा किती हे समोरच्याला कळणार नाही याची खात्री कोण देणार? माझं मत स्पष्ट आहे, एका ब्रोकरेजच्या दोन वेगळ्या ऑफिसचे एजंट असतील तर ठीक, एकाच टीमचे दोघे असतील तर मी माझ्या नातेवाइकांना नको म्हणते.

आता घेण्याचं. इथे टीमचा फायदा एकच पण मोठा, वेग. गुरुवारी दुपारी लिस्टिंग आलं तर कोणीतरी संध्याकाळी दार उघडून दाखवतो. एकटा एजंट दुसऱ्या क्लोजिंगला असेल तर तुम्ही शनिवारपर्यंत थांबता आणि घर गेलेलं असतं. पण तोटाही इथेच आहे, दाखवणारा वेगळा आणि ऑफर लिहिणारा वेगळा. आपल्याकडच्या जुन्या घरांचं उदाहरण घ्या, मागच्या भिंतीजवळ जमिनीतून वर आलेला फिल पाइप किंवा व्हेंट पाइप दिसला तर खाली जुनी तेलाची टाकी गाडलेली असू शकते, ती गळकी निघाली तर माती साफ करायचा खर्च माणसाला हादरवून टाकतो. जाणकार एजंट चालता चालता ते बघतो आणि ऑफर देतानाच टँक स्वीपचं, म्हणजे गाडलेली टाकी शोधणाऱ्या तपासणीचं ठरवतो. बेसमेंटच्या भिंतीवरची पाण्याची रेघ, बेसमेंटमधलं पाणी उपसणारा नवाकोरा संप पंप, एकाच कोपऱ्यात ताजा रंग, हे फोटोत येत नाही. दार उघडायला आलेल्याने ते पाहिलंच नाही, किंवा पाहिलं पण आत कोणाला सांगितलं नाही, आणि ऑफर लिहिणारा फक्त लिस्टिंगचे फोटो बघून लिहितोय, तर तुम्ही पैसे कसले देताय? म्हणून घेताना माझी अट असते, जी ऑफर लिहिणार तिने ते घर आतून बघितलेलं असलं पाहिजे. पहिल्या फेरीला कोणीही येऊ दे, चालेल. पण ऑफरआधीच्या दुसऱ्या फेरीला आणि इन्स्पेक्शनला तीच हवी.

तारखांचं पण तेच. न्यू जर्सीत रिअल्टरने तयार केलेल्या करारावर सह्या झाल्यावर तीन कामकाजाचे दिवस अटर्नी रिव्ह्यू असतो, त्या काळात कोणत्याही बाजूचा वकील करार नाकारू शकतो, आणि जास्तीची ऑफर आली तर सेलर हातातून निसटतो. टेक्ससमध्ये ऑप्शन पीरियड, म्हणजे बायरला करारातून बाहेर पडायची मुदत, संध्याकाळी पाचला संपतो, पाच वाजून दहा मिनिटांनी केलेल्या ईमेलचा उपयोग नाही. अशा वेळी "मी टीमला विचारून सांगते" हे वाक्य महागात पडतं. कोणाला फोन करायचा आणि तो उचलणारा निर्णय घेऊ शकतो का, हे आधी ठरवून ठेवा.

नवीन कन्स्ट्रक्शन बघायचं डोक्यात असेल तर एक लक्षात ठेवा, बरेच बिल्डर सांगतात की पहिल्या भेटीला तुमचा एजंट सोबत हवा किंवा आधी नोंदवलेला हवा, नाहीतर त्याचे पैसे आम्ही देणार नाही. तुम्ही रविवारी सहज म्हणून मॉडेल होम बघून आलात, वहीत नाव-नंबर लिहिलात, की पुढे भांडण. टीमला आधी कळवा आणि कोणाच्या नावाने नोंद केली ते विचारा.

मग तो तिसऱ्याने पाठवलेला कागद. १७ ऑगस्ट २०२४ पासून, रिअल्टर्स असोसिएशनने कमिशनच्या खटल्यांत केलेल्या त्या मोठ्या सेटलमेंटनंतर, एमएलएस वापरणाऱ्या एजंटने घर दाखवण्याआधी बायरशी लेखी करार करायला लागतो. न्यू जर्सीचा स्वतःचा कायदाही त्याच महिन्यात लागू झाला. म्हणजे कागद मागितला यात काही काळंबेरं नाही. पण आत काय आहे ते वाचा, फोनवर अंगठ्याने पुढे पुढे करत सही करू नका. फी किती ते ठोस आकड्यात किंवा टक्क्यात हवी, "सेलर जे देईल ते" असं मोघम चालत नाही, आणि करारात लिहिलंय त्यापेक्षा जास्त एजंटला कुठूनही घेता येत नाही. फी ठरलेली नसते, बोलून कमी होते, हे त्याच करारात लिहिलेलं असतं, बघा. मुदत सहा महिन्यांची छापून आली असेल तर एका घरापुरती किंवा एका आठवड्याची मागा, चांगली टीम देते. ओपन हाऊसला स्वतःहून जायला हा करार लागत नाही.

मुदत संपल्यावरचं कलम पण बघा, ज्यात लिहिलेलं असतं की आम्ही दाखवलेलं घर तुम्ही नंतर अमुक दिवसांत घेतलंत तरी आमची फी लागू. ते असणं गैर नाही, दिवस किती ते बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टीममध्ये माणसं फार बदलतात. तुमची एजंट मधेच टीम सोडून गेली तर करार ब्रोकरेजकडेच राहतो, तिच्याबरोबर जात नाही, आणि टीम तुम्हाला दुसऱ्या कोणाच्या हातात देते. म्हणून एक ओळ घालून घ्या की अमुक एजंट काम बघेल आणि ती नसली तर आम्हाला विनाशुल्क करार मोडता येईल. मी ही ओळ विचारणारे फार थोडे लोक पाहिलेत, पण ज्यांनी विचारली त्यांना बहुतेक मिळाली.

मोठ्या टीमकडे आपलाच लेंडर म्हणजे लोन देणारा, आपलीच टायटल कंपनी म्हणजे घराचे मालकी हक्क तपासणारी कंपनी असते. वापरायला हरकत नाही, दर चांगला असेल तर घ्याच. पण १९७४ चा रेस्पा कायदा आहे, त्यानुसार अशी माणसं पाठवण्याबद्दल लाच घेता येत नाही, आणि मालकीचं नातं असेल तर लेखी सांगावं लागतं, सक्ती करता येत नाही. दुसऱ्या दोन लेंडरकडून एकाच दिवशी कोटेशन आणा, मग बोला. आणि टीममध्ये ईमेलवर पाच-सहा जण असतात त्यामुळे वायरच्या, म्हणजे बँकेतून पैसे पाठवतानाच्या फसवणुकीला जागा जास्त, पैसे पाठवायच्या सूचना कुणाच्याही नावाने आल्या तरी टायटल कंपनीला तुम्ही स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक डॉलर हलवू नका.

एक आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न, "आपली माणसं जास्त कुठे राहतात ते सांगा ना". मराठी एजंटलाही हे विचारू नका, १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे आम्ही वंश, धर्म, मूळ देश बघून कुठल्या भागाकडे वळवू शकत नाही, लायसन्स जाऊ शकतं. फोनवर कोणी उत्साहाने सांगायला लागला तर त्याचं ट्रेनिंग झालेलं नाही एवढं समजा. शाळेचे आकडे, प्रवासाचा वेळ, टॅक्स हे विचारा, बाकी स्वतः जाऊन फिरून बघा.

तुमच्या बाबतीत मी काय करेन? टाउनहाऊस त्या टीमलाच द्या, पण लीडची एक तास भेट घेतल्यावर, आणि भाव व ऑफर तोच बघणार हे ईमेलवर आल्यावर. दोन्ही कामं एकाच ठिकाणी देताय म्हणून लिस्टिंगची फी कमी करून मागा, हा तुमचा हक्काचा मुद्दा आहे. घ्यायच्या बाजूला ज्या बाईने घर दाखवलं तिने काय काय टिपलं ते आठवा. पाइप, छत, बेसमेंट यावर ती आपणहून बोलली असेल तर तिलाच नावाने मागा. नुसतं किचन किती छान म्हणत होती तर ओळखीतल्या एकट्या एजंटकडे जा, विकणं एकाकडे आणि घेणं दुसऱ्याकडे असं करायला काही बंदी नाही, फक्त दोन्ही क्लोजिंगच्या तारखा जुळवायला तुमच्या वकिलाला पहिल्या दिवसापासून दोघांशी जोडून द्या, आणि तारखा जुळल्या नाहीत तर विकलेल्या घरात थोडे दिवस राहायची सोय विक्रीच्या करारातच मागून ठेवा. त्या तिसऱ्याच्या कागदावर अजून सही केली नसेल तर आज करू नका, आठवड्याभराचा करार आणि एजंटच्या नावाची ओळ मागून उत्तर काय येतं ते आधी बघा.